कुकरची तिसरी शिट्टी आणि ‘जगातला सर्वांत भीतिदायक सिनेमा’

दर ऑक्टोबरात, हॅलोविन जवळ आलं की व्हॉट्सॲपवर एक बातमी फिरत फिरत आपल्यापर्यंत पोचते: ‘विज्ञानाने ठरवला जगातला सर्वांत भीतिदायक सिनेमा!’ खाली यादी, आणि यादीच्या डोक्यावर बहुतेक वेळा ‘सिनिस्टर’ नाहीतर ‘होस्ट’. आमच्या घरच्या ग्रुपवर ती पडली तेव्हा भाच्याने फर्मान काढलं, शनिवारी ‘सिनिस्टर’च लावायचा. लावला. दिवे बंद, सहा माणसं, मध्ये शेंगदाण्यांचं ताट. तासाभराने पडद्यावरचा नायक अंधाऱ्या घरात चाचपडत होता, आमच्यापैकी कुणी हूं की चूं करत नव्हतं, आणि स्वयंपाकघरात कुकरने शिट्टी मारली. सहाच्या सहाजण जागच्या जागी उडाले. शेंगदाणे सतरंजीभर.

गंमत म्हणजे ती तिसरी शिट्टी होती. आधीच्या दोन सगळ्यांनी ऐकल्या होत्या. तरीही त्या रात्रीची सगळ्यांत मोठी उडी सिनेमाने नाही, वरणभाताने काढली. मग ‘सर्वांत भीतिदायक’ म्हणून जे मोजलं जातं ते नेमकं काय असतं?

## ही यादी येते कुठून?

२०२० साली ब्रिटनमधल्या एका कंपनीने (धंदा इंटरनेटच्या प्लॅनची तुलना करून देण्याचा) सुमारे ५० जणांना शंभरेक तास भयपट दाखवले आणि त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. स्वस्थ बसलेलं असताना मिनिटाला सरासरी ६५ ठोके. २०१२ सालचा ‘सिनिस्टर’ बघताना सरासरी ८६. म्हणून पहिला नंबर त्याचा. एका क्षणापुरते सर्वांत जास्त ठोके मात्र ‘इन्सिडियस’ने वाढवले, थेट १३३ पर्यंत. पुढच्या वर्षी ‘होस्ट’ने बाजी मारली.

आता ८६ ठोके म्हणजे काय, तर भाजीची पिशवी घेऊन तिसरा मजला चढलात की त्याहून जास्त होतात. जगातले सगळे सिनेमेही कुणी दाखवलेले नव्हते. आधी निवडलेल्या यादीतूनच पहिला निघाला. आणि ठोके वाढले एवढंच यंत्र सांगतं, का वाढले ते नाही. हसण्याने वाढतात, प्रेमात पडल्यावर वाढतात, दहावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता तर विचारूच नका.

तरी हा प्रकार अगदीच जाहिरातबाजी म्हणून सोडून देऊ नये. त्यातले दोन आकडे बघा. सरासरीत एक सिनेमा पुढे, क्षणिक उसळीत दुसरा. म्हणजे एकाने प्रेक्षकाला दीड तास कढत ठेवलं आणि दुसऱ्याने एकदाच जोरात चटका दिला. या दोघांना आपण सरसकट ‘भीती’ म्हणतो, घोळ तिथूनच सुरू होतो.

## दचकणं वेगळं, धास्ती वेगळी

आपल्या भाषेने ही विभागणी कधीच करून ठेवली आहे. मांजराने मागून उडी मारली की आपण दचकतो. मुलगा रात्री दोनला घरी आलेला नसतो तेव्हा धास्तावतो. गटारात मेलेली घूस बघून किळस येते. आणि एखादी गोष्ट आठवडाभर डोक्यातून जात नाही तेव्हा म्हणतो, तिने पछाडलंय. चारही वेळा शरीर आणि मेंदू वेगवेगळं काम करत असतात.

दचकणं हे तर भीतीच्याही आधीचं. मोठा, अचानक आवाज झाला की पापण्या मिटतात, मान आत जाते, खांदे वर येतात. पापणी मिटायला सुरुवात होते सेकंदाच्या साधारण विसाव्या भागात. एवढ्यात विचार होत नाही. भूत आहे की कुकर, हे ठरवायला मेंदूला सवडच नसते. सिनेमावाले या युक्तीला ‘जम्प स्केअर’ म्हणतात: शांतता, शांतता, मग धाडकन चेहरा आणि किंकाळी. १९४२ सालच्या ‘कॅट पीपल’मध्ये एक बाई रात्री एकटी रस्त्याने चालली आहे, मागे कुणीतरी आहे असं वाटतंय, आणि एकदम फिस्सकन आवाज होतो. श्वापद नव्हे, बस येऊन थांबलेली असते. तेव्हापासून या युक्तीला निर्माते व्हॅल ल्यूटन यांच्या नावाने ‘ल्यूटन बस’ असंच नाव पडलं. ऐंशी वर्षं झाली, बस अजून वेळेवर येते.

माझं स्पष्ट मत असं की नुसत्या धाडकनवर चालणारा सिनेमा भीतिदायक नसतो, त्रासदायक असतो. कानाशी फुगा फोडणाऱ्या पोराला आपण गोष्ट सांगणारा म्हणत नाही.

## ‘पण खोटं आहे हे मला माहीत असतं, तरी?’

भुतांवर कवडीचा विश्वास नसलेली माणसंही उशी घट्ट धरून बसतात, यामागचं कारण मेंदूच्या रचनेत आहे. कानशिलांच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना, बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग असतो, अमिग्डला. धोका ओळखून शरीराला सावध करणं हे त्याचं एक मुख्य काम. जोसेफ लडू या मेंदूशास्त्रज्ञाने दाखवलं की डोळ्या-कानांकडून आलेली खबर तिथपर्यंत दोन वाटांनी जाते. एक आडवाट: झटपट, पण अर्धीकच्ची. दुसरी हमरस्त्याने, विचार करणाऱ्या मेंदूतून: उशिरा, पण नीट तपासून. अंगणात वेटोळं दिसलं की पाय आधी मागे येतो आणि मग कळतं, अरे, ही तर पाण्याची नळी. सिनेमा आडवाटेने शिरतो. ‘हे खोटं आहे’ हा निरोप हमरस्त्याने पोचेपर्यंत तळहात घामेजलेले असतात.

ही गोष्ट एका रुग्णामुळे फार ठसठशीत कळली. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातले संशोधक जिला फक्त ‘एस. एम.’ म्हणतात अशी एक बाई. दुर्मिळ आजाराने तिचे दोन्ही अमिग्डला निकामी झाले होते. संशोधकांनी तिला ‘द शायनिंग’, ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ वगैरे सिनेमांमधले तुकडे दाखवले. भीती शून्य, उलट एका सिनेमाचं नाव विचारून घेतलं, घरी नेऊन बघायला. तिला केंटकीतल्या एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात भरणाऱ्या भूतबंगल्यात नेलं, तर ती सगळ्यांच्या पुढे चालली आणि राक्षसाच्या वेशातल्या माणसाच्या डोक्यालाच बोट लावून बघितलं, हाताला कसं लागतं म्हणून. बिचारा राक्षसच घाबरला.

इथवर वाटतं, चला, भीतीचं घर सापडलं. पण याच बाईला नंतर कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण जास्त असलेल्या हवेचा एक श्वास दिला, आणि ती जीव जातोय अशी घाबरली. म्हणजे बाहेरून येणारा धोका अमिग्डला ओळखतो, पण गुदमरण्याचा आतला धाक त्याच्याशिवायही पेटतो. गाडलं जाणं, बुडणं, अरुंद भुयारात अडकणं दाखवणारे सिनेमे भुताला न घाबरणाऱ्यांनाही असह्य का होतात, याचा मला तरी इथे एक धागा दिसतो.

## शिट्टी येणार हे माहीत असणं

आता पुन्हा कुकरकडे. दोन शिट्ट्या झाल्या आहेत, तिसरी येणार आहे. पण कधी? वाफेची फुसफुस वाढते, शिट्टी थोडी हलते, पुन्हा बसते. दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकने आपल्या धंद्याचं गुपित असंच सांगितलं होतं. दोघं टेबलाशी गप्पा मारतायत आणि एकदम बॉम्ब फुटला, तर प्रेक्षकाला १५ सेकंदांचा धक्का. तोच बॉम्ब टेबलाखाली आहे हे प्रेक्षकाला आधी दाखवा, घड्याळ दाखवा, आणि माणसांना क्रिकेटवर, म्हणजे त्यांच्याकडे बेसबॉलवर, बोलू द्या. आता १५ मिनिटांची धास्ती. गप्पा त्याच. बदललं ते प्रेक्षकाचं ज्ञान.

२०२० मध्ये फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना ‘इन्सिडियस’ आणि ‘कॉन्ज्युरिंग २’ दाखवत त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. धास्ती हळूहळू चढत असताना बघण्या-ऐकण्याचे भाग जास्त कामाला लागलेले दिसले, जणू मेंदू कान टवकारून बसलाय. प्रत्यक्ष धक्क्याच्या क्षणी भावना, धोक्याचा अंदाज आणि निर्णय यांचे भाग पेटले. त्याआधी त्यांनी गेल्या शंभर वर्षांतल्या १०० भयपटांबद्दल लोकांना विचारलं होतं. उत्तर असं की मनाशी खेळणारे आणि खऱ्या घटनांवर बेतलेले सिनेमे सर्वांत भीतिदायक. आणि जे डोळ्यांना दिसलं त्याहून जे दिसलंच नाही, नुसतं सुचवलं, ते कितीतरी जास्त.

‘जॉज’ (१९७५) हा त्याचा सुप्रसिद्ध आणि जवळजवळ अपघाती पुरावा. स्टीव्हन स्पीलबर्गकडे यांत्रिक शार्क होता, पण समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तो सारखा बंद पडायचा. नाइलाजाने शार्कऐवजी पाणी दाखवलं, तरंगती पिंपं दाखवली, आणि जॉन विल्यम्सचे ते दोन स्वर, आधी सावकाश, मग जलद. मासा नीट दिसेपर्यंत तास उलटून जातो. यंत्र धड चाललं असतं तर कदाचित रबराचा मासा बघून लोक हसले असते.

प्रेक्षक स्वतःची भीती स्वतः रंगवतो. दिग्दर्शकाने फक्त रांगोळीचे ठिपके काढायचे.

## आवाज बंद करून बघा

भीती कमी करायची असेल तर लोक डोळ्यांवर हात धरतात. चुकीचा उपाय. कान बंद करा. ‘सायको’च्या (१९६०) न्हाणीतल्या प्रसंगात संगीत नको असंच हिचकॉकचं आधी म्हणणं होतं, बर्नार्ड हर्मनने व्हायोलिनचे ते किंचाळे लिहून ऐकवले तेव्हा त्याने विचार बदलला. सुरा अंगात घुसल्याचा आवाज हा खरबुजावर मारलेल्या सुऱ्याचा आहे, आणि रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप. पडदा कृष्णधवल, कुणाला कळतंय!

व्हायोलिनच का, यालाही उत्तर आहे. कॅलिफोर्नियातले जीवशास्त्रज्ञ डॅनियल ब्लमस्टीन मार्मट नावाच्या, खारीच्या कुळातल्या प्राण्यांचा अभ्यास करायचे. पिल्लू पकडलं की ते असं किंचाळतं की आवाज फाटतो, खरखरतो, मध्येच पट्टी सोडतो. गळ्याच्या ताकदीपलीकडे जोर लावला की कुठल्याही प्राण्याचा आवाज असाच फुटतो, माणसाच्या बाळाचाही. पुढे त्यांनी शंभरावर सिनेमांचे आवाज तपासले, तर भयपटांत अशा फाटक्या आवाजांचा वापर अपेक्षेपेक्षा जास्त आढळला. ‘द एक्झॉर्सिस्ट’मधल्या (१९७३) सैतानाचा आवाज मर्सिडिस मॅकेंब्रिज या अभिनेत्रीने कच्ची अंडी गिळून आणि सिगारेटी ओढून घसा मुद्दाम खरवडून काढला होता. लोक चित्रपटगृहात चक्कर येऊन पडल्याच्या बातम्या तेव्हा छापून आल्या. ध्वनीसाठी त्याला ऑस्कर मिळालं, ते उगाच नाही.

## ‘मग रक्तपात जास्त तर भीती जास्त, नाही का?’

नाही. रक्त-मांस बघून येते ती मुख्यतः किळस, आणि किळस आपल्याला पडद्यापासून दूर ढकलते; धास्ती खुर्चीच्या टोकावर ओढते. ‘द कॉन्ज्युरिंग’मध्ये (२०१३) रक्तपात फारसा नाही. तरी अमेरिकेच्या प्रमाणपत्र मंडळाने त्याला १७ वर्षांखालच्यांनी मोठ्यांसोबतच बघावा असा शिक्का मारला. कुठलं दृश्य कापलं तर शिक्का बदलेल, असं विचारण्यात अर्थ नव्हता. निर्मात्यांनी सांगितलेलं कारण एवढंच की सिनेमा अख्खाच्या अख्खा भीतिदायक होता.

रक्तावरून आठवलं. ‘अंगातलं रक्त गोठलं’ असं आपण म्हणतो. नेदरलंड्समधल्या लायडनच्या डॉक्टरांनी ते खरंच तपासलं. २०१५ मध्ये २४ निरोगी तरुणांना एकदा ‘इन्सिडियस’ दाखवला आणि एकदा शॅम्पेन कशी बनते यावरचा माहितीपट, आणि प्रत्येक वेळी आधी-नंतर रक्त काढलं. भयपटानंतर १२ जणांच्या रक्तात गोठायला मदत करणारा ‘फॅक्टर आठ’ नावाचा एक घटक वाढलेला होता. माहितीपटानंतर फक्त तिघांच्या. पण प्रत्यक्ष गुठळी होण्याच्या खुणा कुणातच नव्हत्या. म्हणजे जखम होणार या अंदाजाने शरीराने पट्टी हाताशी काढून ठेवली, बांधली नाही. म्हणीला अर्धे गुण द्यायला हरकत नाही.

## ज्याचं त्याचं भूत

यादीतला पहिला नंबर सगळ्यांना सारखाच का लागू होत नाही, याचं कारण मला इथे दिसतं. भीतीला घरचं काहीतरी लागतं. जपानी ‘रिंगू’ (१९९८) आला तेव्हा घरोघरी व्हिडिओ कॅसेट होत्या, म्हणून भूत कॅसेटमधून आलं. टीव्हीतून बाहेर येणारी ती केसाळ सदाको विचित्र वाटते, कारण नटीला उलटं चालवून ती फिल्मही उलटी फिरवली आहे. चाल माणसाची, पण कुठेतरी चुकलेली. आजच्या पोरांना कॅसेट म्हणजे काय हेच ठाऊक नाही, तेव्हा निम्मी भीती गेली. उलट ‘होस्ट’ २०२०च्या टाळेबंदीत, झूमवर, झूमबद्दलच बनला. जेमतेम तासाभराचा. ज्या लॅपटॉपवर दिवसभर मीटिंग झाल्या त्याच्यावरच रात्री तो बघायचा. डोक्याला ताप आधीच होता, त्याला तोंड मिळालं.

आपल्याकडचं बघा. ‘लपाछपी’त गरोदर बाई उसाने वेढलेल्या घरात येते. उसाच्या फडात चार पावलं आत गेलेल्या माणसाचं काय होतं हे आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही: पुढचा दिसत नाही, पात अंगाला कापते, सळसळ सगळीकडून येते आणि दिशा कळत नाही. चकव्याची गोष्ट अशाच जागी जन्मते. वर त्या सिनेमाच्या मुळाशी मुलींच्या हत्येचा गुन्हा आहे, भूत नव्हे. तो भाग दिवे लावले तरी जात नाही. ‘तुंबाड’ (२०१८) पहिल्यांदा आला तेव्हा फार चालला नाही, सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला. त्यात न थांबणारा पाऊस, कुबट वाडा, सोवळ्यातला काळ आणि कणकेच्या बाहुल्या. दोर, पिठाचं रिंगण, बाहुली: नियम आपल्याला पाठ करून दिले जातात. मग कुणीतरी नियमात जरासा बदल करतं. पुढचं सांगत नाही, पण हिचकॉकचा बॉम्ब इथे कणकेचा आहे.

मुंजा हेही तसंच. सोडमुंज व्हायच्या आधी गेलेला बटू पिंपळावर बसतो, ही कल्पना परक्या माणसाला नुसती चमत्कारिक वाटेल. ज्याने घरात मुंज बघितली आहे त्याला ते मूल डोळ्यांसमोर दिसतं.

वयाचंही आहे. जोअ‍ॅन कँटर या संशोधिकेने टीव्हीवरच्या ‘हल्क’च्या मालिकेवर मुलांच्या प्रतिक्रिया तपासल्या. अगदी लहान मुलं भल्या माणसाचा हिरवा राक्षस होताना घाबरायची. तो चांगलाच आहे हे समजावून उपयोग नसे. मोठी मुलं रूपाला घाबरत नाहीत, ‘असं खरंच होऊ शकतं’ याला घाबरतात. म्हणून चार वर्षांच्या मुलाला ‘अरे, खोटं आहे ते’ म्हणून समोर बसवू नये. त्याचा हमरस्ता अजून बांधून व्हायचाय.

## मग पैसे मोजून घाबरायचं कशाला?

डेन्मार्कमधल्या ऑरहूस विद्यापीठात तर यावर संशोधन करणारी प्रयोगशाळाच आहे. त्यांनी एका भूतबंगल्यात ११० लोकांना ठोके मोजणारी यंत्रं लावून सोडलं. मजा कुणाला आली? फार कमी घाबरलेल्यांना नाही, फार जास्त घाबरलेल्यांनाही नाही, मधल्यांना. मिरचीच्या ठेच्यासारखं. डोळ्यांत पाणी आलं पाहिजे, पण ताट सोडून उठायची वेळ येता कामा नये. कुणाचा ठेचा किती तिखट, हे मात्र ज्याच्या त्याच्या जिभेवर.

त्यात डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञाने सांगितलेली एक गोष्ट भर घालते: भीतीने शरीर तापलेलं असतं, ते सिनेमा संपल्याबरोबर थंड होत नाही, आणि सुटकेचा आनंद त्या उरलेल्या आचेवर शिजतो. म्हणून बाहेर पडताना सगळे जरा जास्तच मोठ्याने हसत असतात.

आमच्या शनिवारचं सांगायचं राहिलं. ‘सिनिस्टर’मधल्या गवत कापायच्या यंत्राच्या प्रसंगाला भाचा ओरडला, मग सगळे हसले, आणि भात वाढला. मला त्या प्रसंगाचं काही वाटलं नाही. पण त्यात सुरुवातीलाच नायकाला नव्या घराच्या माळ्यावर एक खोका सापडतो. आधी काही नसलेल्या माळ्यावर, मधोमध ठेवलेला, जुन्या घरगुती फिल्मांचा.

दोन दिवसांनी रात्री जेवणं झाल्यावर बायको म्हणाली, “माळ्यावरून आकाशकंदिलाचा खोका काढून दे ना.” स्टूल घेतलं, चढलो, माळ्याच्या दाराला हात लावला.

“सकाळी काढतो,” म्हटलं. “धूळ फार आहे.”